बाईंच्या गाडीचा आवाज

देवगडच्या बाजूला, खाडीच्या अंगाला असलेली एक दोन शिक्षकी शाळा. जुलैमधली सकाळ. रात्रभर लागलेला पाऊस नुकताच उघडला होता, कौलांच्या पागोळ्या अजून गळत होत्या. पडवीत ओल्या छत्र्या उघड्या करून ठेवलेल्या आणि त्यांच्यामधून वाट काढत मुलं दप्तरं आत नेत होती. चिऱ्याच्या भिंतीला शेवाळाचा वास सुटला होता. घाटी उतरणाऱ्या स्कूटरचा आवाज आला, फाटकाशी थांबला आणि पाठोपाठ स्टँड खाली आपटल्याचा खणकन आवाज. तिसरीतली एक मुलगी दबक्या सुरात म्हणाली, "बाईंनी गाडी आपटल्यानी. आज गप रवा रे." एका मुलाने वहीच्या पानाची होडी करायला घेतली होती, ती त्याने खिशात कोंबली. बाई आल्या, छत्री झटकली, हसून सगळ्यांकडे पाहिलं आणि हजेरीपट उघडला. त्या हजेरी घेणार त्याच्या आधीच मुलांनी त्यांची हजेरी घेऊन टाकली होती, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

त्या मुलीच्या आवाजात भीती असती तर हा प्रसंग इतका मनात राहिला नसता. तिच्या आवाजात सराव होता. खालच्या वाडीत होडी पाण्यात लोटण्याआधी वाऱ्याचा अंदाज घेतात, तशा सहजतेने ती बोलली होती. आठ वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलेलं नसतं. जेमतेम वर्षाचं बाळसुद्धा अनोळखी जागी पाऊल टाकण्याआधी मागे वळून आईचा चेहरा पाहतं, तो चेहरा निवांत असेल तरच पुढे सरकतं. शाळेत दिवसाचे सहा-साडेसहा तास तो चेहरा बाईंचा असतो. प्रश्न एवढाच, की मूल त्या चेहऱ्याकडे अधूनमधून पाहतं की सतत पाहत राहतं. सतत पाहत राहणाऱ्या मुलाचं बाकी काम अडतं. सत्तावीस अधिक पंधरा करताना हातचा एक मनात धरावा लागतो. मनाची ती जागा बाईंच्या आवाजाकडे कान लावण्यात गुंतलेली असेल तर हातचा निसटतो. बाईंना वहीत बत्तीस दिसतात, त्यांना वाटतं काल शिकवलेलं पाण्यात गेलं, आवाज आणखी चढतो आणि हातचा पुन्हा निसटतो. याला मुलाचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही आणि बाईंचा दुष्टपणाही नाही. दोघंही एकाच गोष्टीने थकलेले असतात.

कॅनडात 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच गोष्टीच्या मागे गेला होता. चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांची लाळ तपासून तिच्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं गेलं. ज्या वर्गांचे शिक्षक स्वतःला जास्त करपलेले, रिकामे झालेले समजत होते, त्या वर्गांतल्या मुलांमध्ये ते सकाळीच वाढलेलं आढळलं. सकाळीच, म्हणजे दिवसभराचं रागावणं व्हायच्या आधी. शिक्षकांमुळे मुलं ताणात होती की मुलांच्या ताणाने शिक्षक थकले होते, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही, आणि ते ठरवण्याची घाई कोणी करू नये. दोन्ही दिशांनी ते वाहत असणार. कोकणातल्या वर्गात बसलं की हे लगेच पटतं. कुणाचे बाबा बोटीवर, कुणाचे मुंबईत, घरी म्हातारे आजी-आजोबा, गणपतीला येणारी माणसं अनंत चतुर्दशीनंतर परत गेली की आठवडाभर वर्ग उदास. चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर कित्येक महिने नुसता जोराचा पाऊस आला तरी मुलं खिडकीकडे बघायची. आणि खिडकीनंतर शिक्षकांकडे. त्या शिक्षकांतल्या काहींच्या स्वतःच्या घरातला गाळ नुकताच उपसून झाला होता.

दुसरा अभ्यास इंग्लंड-वेल्समधला, 2019 चा. 25 माध्यमिक शाळा, बारा-तेरा वर्षांचे तीन हजारांवर विद्यार्थी, अकराशेच्या वर शिक्षक. ज्या शाळांतल्या शिक्षकांची मनःस्थिती बरी, तिथल्या मुलांचीही बरी, हे त्यात दिसलंच. पण हा धागा कशातून जातो हे पाहताना दोन गोष्टी पुढे आल्या. एक, शिक्षक-विद्यार्थ्यांचं आपसातलं नातं. दुसरी गोष्ट आपल्याकडे कोणी आजाराच्या खात्यात धरतच नाही: तब्येत ठीक नसताना कामावर येत राहणं.

आपल्याकडे तो गुण समजला जातो.

दोन शिक्षकी शाळेत तर तो नाइलाज असतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट एकोणीस असला तरी इयत्ता पाचच राहतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग एकाच खोलीत. फळ्याचे उभे भाग पाडून इकडे दुसरीची बेरीज, तिकडे चौथीचा भागाकार. त्यात एकजण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात. अशा वेळी अंगात कणकण आहे, रात्री तीनला जाग आली ती आलीच, सकाळी गाडीची किल्ली हातात घेताना छातीत जड वाटलं, एवढ्यावर रजा कोण टाकणार? रजा टाकली तर सहकाऱ्याचे हाल. म्हणून बाई येतात. शरीर खुर्चीत असतं. मुलाने दाखवलेल्या वहीवर नजर फिरते, बरोबरची खूण उमटते, पण मुलाने सातचा आकडा उलटा काढलाय हे दिसत नाही. अशा दिवसांची नोंद हजेरीपटात होत नाही, तिथे सही असते.

त्यात कागद. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ. आज किती शिजला, किती उरला, डाळ-तेल-मसाल्याची शिल्लक, मुलांआधी चव घेऊन चव नोंदवहीत सही, मग तीच माहिती मोबाइलवर. यू-डायसची, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती वेगळी, आधार जुळणीची वेगळी, अमुक दिनाचे फोटो वेगळे. ग्रुपवर संदेश येतो, 'तात्काळ, आज चारपर्यंत'. शाळा खाडीच्या खोलगटात, रेंज मिळते वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. पावसात छत्री खांद्यात धरून, मोबाइल पदराने पुसत सड्यावर उभी असलेली शिक्षिका हे चित्र इथे कोणालाच नवीन नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये असं कायद्याचं 27 वं कलम सांगतं. पण माहिती भरणं हे शिक्षणातलंच काम धरलं जातं, त्यामुळे त्याला कलमाचा आडोसा मिळत नाही. आणि थकवा नुसत्या कामाच्या ढिगाने येत नाही, काम मध्येच तोडावं लागण्याने येतो. चौथीतलं पोर पहिल्यांदाच एक अख्खा परिच्छेद न अडखळता वाचत असतं आणि तेवढ्यात फोन थरथरतो. ते सुख अर्धं तोंडातून काढून घेतल्यासारखं होतं. शिक्षकाला तगवून धरणारी तीच तर गोष्ट असते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बरेच शिक्षक घाटावरचे, मराठवाड्यातले, खानदेशातले. आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले. नव्या शिक्षकाची पहिली 3 वर्षं शिक्षण सेवक म्हणून, मानधनावर. 2023 पासून ते 16 हजार झालं, त्याआधी प्राथमिकला 6 हजार होतं. भाड्याची खोली, संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नाही, आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, उशीलाही बुरशीचा वास. रविवारी रात्री घरी व्हिडिओ कॉल: आपलं तीन वर्षांचं मूल मोबाइलच्या काचेवर बोट ठेवतं. सोमवारी सकाळी तेवढ्याच वयाची दुसऱ्याची मुलं अंगणवाडीच्या दारात दिसतात. बोलीचाही प्रश्न असतो. मूल म्हणतं, "माका येणा नाय," ते गुरुजींच्या कानाला उद्धट लागतं, त्यात फक्त अजिजी असते. ज्या दिवशी गुरुजी स्वतःच "तुका काय येणा नाय, माका दाखव बघू" म्हणतात, त्या दिवशी वर्गात हशा पिकतो आणि दोन्ही बाजूंचा जीव भांड्यात पडतो. अशा गुरुजींना गावाने गणपतीला आरतीला बोलावणं, माडाखाली पडलेले दोन नारळ पोरांहाती पाठवणं, याचं मोल औषधाहून कमी नाही. कोकणातली माणसं हे करतात. फक्त शिक्षक आजारी दिसला तर विचारायला बिचकतात.

आपल्या मनात शिक्षकाची जी मूर्ती आहे तिचाही यात वाटा आहे. दापोली तालुक्यातल्या पालगडला 24 डिसेंबर 1899 ला जन्मलेले साने गुरुजी जेमतेम सहा वर्षं शिक्षक होते, तेही अमळनेरला. पण मराठी माणसासाठी 'गुरुजी' म्हटलं की तेच. मुलांचे कपडे धुणारे, अंथरुणं घालणारे, मुलांसाठी रडणारे. दरवर्षी भाषणांत, फलकलेखनात ती माया आठवली जाते. 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, हे मात्र शाळेत फारसं कोणी सांगत नाही. तेव्हा शाळा सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती आणि त्या निर्णयामागची कारणं इथे उकलायची नाहीत. पण इतकं मऊ मन बाळगणाऱ्या माणसाच्या मनाला कोण जपत होतं, हा प्रश्न आपण त्या मूर्तीपुढे कधी ठेवला नाही. आजही शिक्षकाकडून मायेची अपेक्षा बिनहिशोबी असते. तिचा साठा कुठून भरायचा, हे मात्र त्याचं त्याने बघायचं.

भात खाली लागतो तेव्हा टोपात वरून पांढराशुभ्रच दिसतो. वास आधी येतो. करपण्याची, म्हणजे ज्याला बर्नआउट म्हणतात त्याची, तीन अंगं सांगतात: मन आटून जाणं, माणसांबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. शाळेत ही तिन्ही अगदी साध्या रूपात दिसतात. मुलांना नावाने हाक मारणारी बाई "ए, तू मागचा" म्हणायला लागते. वारंवार शंका विचारणाऱ्या मुलाचा राग येतो, आणि राग आला याचा रात्री पश्चात्ताप होतो. वह्यांचा गठ्ठा घरी जातो आणि तसाच परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली, आजार म्हणून नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण इलाज वेगळे. करपणं दिवाळीच्या, मेच्या सुट्टीत थोडं तरी उतरतं आणि कामाचा भार हलका केला तर कमी होतं. नैराश्य सुट्टीतही सोबत येतं. सलग 2 आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली, आवडीच्या गोष्टींतही रस नाही, झोप-भूक बिघडलेली, साधी शिल्लक मांडतानाही चुका, असं असेल तर ते केंद्राच्या कार्यशाळेने किंवा प्राणायामाने भागणारं नाही. तिथे डॉक्टर हवा.

वर्गात मात्र काही गोष्टी त्याच दिवशी करता येतात. पाऊस पत्र्यावर कोसळत असताना त्याच्यावर आवाज चढवून शिकवू नये. घसा बसतो, आणि ओरडून बोलणारा माणूस रागावलेला नसला तरी शरीर रागावल्यासारखंच तापतं. मुलांनाही फक्त चढलेला आवाज कळतो, शब्द नाहीत. कुजबुजूनही चालत नाही, त्यानेही घशावर ताणच येतो. पाऊस कोसळतोय तोवर जोडीवाचन, लेखन, चित्र, फळ्यावर उदाहरण लिहून बोटाने दाखवणं. मुलांना बाकांवरून उठवून जवळ अर्धगोलात बसवणं. वर्गात शिरण्याआधी पडवीत एक मिनिट थांबून श्वास सोडणं लांबवावं, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर, पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून जोर सोडण्यावर. यात चूक होते ती मोठा श्वास भरभरून घेण्याची, त्याने उलट चक्कर येते. मोबाइल मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात, आणि ही वेळ केंद्रप्रमुखांना एकदा सांगून ठेवलेली.

सगळ्यात उपयोगी पडतं ते एक वाक्य. "आज माझं डोकं दुखतंय, तुमच्यावर राग नाही." मोठ्यांचा मूड बिघडला की लहान मूल कारण स्वतःत शोधतं; कारण सांगितलं नाही तर ते स्वतःच रचतं, आणि त्यात गुन्हेगार तेच असतं. वाक्य एकच असावं. घरातली भांडणं, बदलीचं दुःख मुलांसमोर मांडायला लागलं की मुलंच बाईंची आई होतात. आवाज चढलाच असेल तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत दुरुस्ती करावी: "मघाशी मी ओरडले. हातचा विसरणं ही ओरडण्यासारखी चूक नव्हती." सगळ्यांसमोर ओरडलं असेल तर हेही सगळ्यांसमोर. लांबलचक माफी नको आणि गोळ्या-बिस्किटं तर मुळीच नकोत. मग ओरड्याला खाऊची किंमत लागते. आपण ओरडलो म्हणजे शिक्षक म्हणून संपलो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडून ही दुरुस्ती होत नाही, ते दोन दिवस त्या मुलाकडे बघायचंच टाळतात. मुलाला ओरड्यापेक्षा ते टाळणं जास्त लागतं.

पण हे सगळं शिक्षकाच्याच अंगावर टाकून बाकीच्यांनी मोकळं होणं बरोबर नाही. दोन शिक्षकी शाळेत आठवडा वाटून घेता येतो: या आठवड्यात सगळे कागद एकाचे, दुसऱ्याने फोनला हात लावायचा नाही. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर वरून आलेल्या मागण्या जमवून दोन दिवसांतून एकदा एकच यादी पाठवता येते, आणि जी माहिती पोर्टलवर आधीच आहे ती पुन्हा मागायचं थांबवता येतं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं अशी ठेवता येतात की चार-चारच्या गटात बसून प्रत्येकाने या महिन्यात जड गेलेली एक गोष्ट सांगायची, इतरांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. ही शेवटची अट मोडली की गट पहिल्याच महिन्यात मरतो, कारण "तुम्ही फार मनावर घेता" हे ऐकायला कोणी पुन्हा तोंड उघडत नाही.

आणि डॉक्टर. रत्नागिरीत राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या माणसं सावरली आहेत. तरी त्या फाटकाचं नाव काढलं की आवाज खाली जातो. शिक्षकाला तर पालक काय म्हणतील, ही धास्ती. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालतो. सड्यावर गेलं की लागतो. मरणाचे विचार येत असतील तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगणं. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते. डॉक्टर बहुधा आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 बघतात, कारण त्यांच्या कमी-जास्तीनेही असाच थकवा येतो. नैराश्याच्या गोळीचा गुण जाणवायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, "काही फरक नाही" म्हणून बरेच जण तिथेच सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण 6 महिने ती चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. हे कार्यालयांनाही आठवून द्यावं लागतं, कारण रजेच्या अर्जावरचं निदान टेबलाटेबलावरून वाचलं जातं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी खिचडीची चव घेतली, वहीत सही केली. ती तिसरीतली मुलगी ताट घेऊन उभी होती. तिने विचारलं, "बाई, तुमका बरा नाय काय?" बाई म्हणाल्या, "काही नाही गं, जेव तू." मुलगी बाजूला झाली, पण नजर बाईंवरच. दुपारी पुन्हा पाऊस धरला. पाचला शाळा सुटली तेव्हा मुलं पडवीत चपला शोधत होती आणि बाई स्कूटरपाशी वाकून काहीतरी करत होत्या. स्टँडची स्प्रिंग तुटली होती. तो रस्त्याला घासू नये म्हणून त्यांनी सुतळीने वर बांधला होता. गाठ सोडली की खाली आपटायचा. गॅरेजला न्यायला आठवडाभर अर्धा तास मिळाला नव्हता, असं त्या सहकाऱ्याला सांगत होत्या. मुलगी हे ऐकत जवळ आली. ओल्या सुतळीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मगे तुमी आमच्यार रागावलास नाय?"

बाई उठून उभ्या राहिल्या. सकाळपासूनचा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा, तो शांत बसलेला वर्ग, न विचारलेल्या शंका. त्यांनी छत्री मुलीच्या डोक्यावर धरली.

"नाही गं. तुमच्यावर नाही."